वीस तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही.
वर जायला वीस तेत्री. उतरणं फुकट,
कारण, नोदार म्हणतो, खाली यायला माणसाला
पालिकेची गरज कधी लागलेलीच नाही.

तुतीखाली डांबरावर जांभळे डाग,
चौथा पाय विटांचा असलेलं टेबल,
त्यावर डॉमिनो आणि अख्ख्या त्बिलिसीचा कारभार.
जुझुना नळावर बोलते, मुर्मान रस्त्यावर:
मार्चमध्ये डांबर घातलं, एप्रिलमध्ये खोदलं,
मेमध्ये आणखी कुणाला तरी आपला पाइप आठवला.
"आईशपथ, माझ्या पोटालासुद्धा
एवढे टाके पडले नव्हते."
कुत्रा ऐकत असतो. कानात पिवळा बिल्ला:
लस टोचली, नोंद केली, सोडून दिला.
पालिकेनं ज्याची दखल घेतली असा
आमच्यातला तो एकटाच.

नवव्या मजल्यावरची लामारा जानेवारीपासून खाली आलेली नाही.
गुडघे गेले. आणि लिफ्ट आठवड्यातून चार दिवस
नाणं गिळून गप्प बसते.
मग लामारा दोरीला बांधून टोपली सोडते,
तळाशी पैसे, वर चिठ्ठी:
एक पाव. कोथिंबीर.
मेणबत्त्या नकोत, अजून मेले नाही.
आम्ही टोपली भरतो, दोरीला दोन हिसके देतो
आणि माना वर करून बघत राहतो
पाव चाललाय, नऊ मजले, वाऱ्यावर हेलकावत.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात.
आमचा आड उलटा आहे:
पाणी तळाशी, तहान वर.

मी गणिताची मास्तरीण होते, म्हणून अर्ज माझ्या गळ्यात.
सत्तावीस सह्या. त्यातल्या दोन ओतारच्या,
एक स्वतःची, एक मेलेल्या भावाची.
"मतदार यादीत आहे ना तो? मग सही का नको?"
उत्तर आलं: अर्ज योग्य विभागाकडे पाठवला आहे.
पुढच्या महिन्यात उत्तर आलं:
योग्य विभाग कोणता, हे अर्जदाराने कळवावे.

आज एक साहेब आला. चकचकीत बूट, हातात टॅबलेट.
बघते तर बेसिकी. सातवी ब, खिडकीजवळचा बाक,
भागाकार कच्चा.
नव्या लिफ्टचा रहिवाशांचा वाटा, म्हणाला,
भागिले छत्तीस कुटुंबं, आणि आकडा दाखवला.
चुकला होता. राहवलं नाही, मी दुरुस्त करून दिला.
आकडा वाढला.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं,
कुत्र्यानंसुद्धा.

मग पाहणी. लिफ्टमध्ये उभा राहून त्याने खिसे चाचपले.
तीन कार्डं निघाली, नाणं एकही नाही.
जुझुनाने दिलं. "परत कर हं."
सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.
भिंतीतून आम्हाला ऐकू येत होतं:
तो आपल्याच कचेरीला फोन लावतोय
आणि कचेरी त्याला पियानो ऐकवतेय.

पन्नास मिनिटं. नोदार पहारीच्या शोधात,
ओतार सल्ले देण्यात.
कुणाला कळलंही नाही, लामारा कधी निघाली.
कठडा धरून, एकेक पायरी, बसत, देवाला नावं ठेवत
ती दोन मजले उतरली, पायरीवर टेकली,
आणि दाराच्या फटीतून त्याला
पावाचे तुकडे सरकवत राहिली.
काय बोलली ते दोघंही सांगत नाहीत.
तो बाहेर आला तेव्हा बुटांवर तेलाचे डाग होते
आणि ती म्हणाली,
"एवढी आलेच आहे, तर उरलेलंही दाखवा."

आता ती टेबलाशी बसलीय.
पदराखाली नाणी जमवावीत तशा
मांडीवर पडलेल्या तुती जमवतेय,
मुर्मानला तिसऱ्यांदा हरवलंय.
बेसिकी निघून गेला. वीस तेत्री द्यायचे राहिले.
कोपऱ्यावरचा दिवा लागत नाही, तो वेगळा अर्ज.
अंधार पडत चाललाय,
आणि लामाराला वर कसं न्यायचं
यावर आमची चर्चा चालू आहे.